जुनी इनबोर्ड-आऊटबोर्ड बोट: धुराच्या वाटेतलं पाणी कसं शोधायचं, कसं थांबवायचं

गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी तासभर नांगर टाकून आम्ही बसलो होतो. येताना इंजिन सुरेख चाललं होतं. निघायला म्हणून किल्ली फिरवली, तर एकच ‘ठक्’ आवाज आला आणि स्टार्टर जागीच अडला. बॅटरी उतरली असेल असं धरून मी दुसरी बॅटरी जोडायला घेतली. बरोबर वेंगुर्ल्याचे एक वयस्कर मेस्त्री होते, त्यांनी माझा हात धरला. “किल्लीक हात लावू नको. आधी प्लग काड.” सहा स्पार्क प्लग काढले. डावीकडच्या शेवटच्या भोकात खारं पाणी डबडबलेलं होतं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावून इंजिन फिरवलं की पिस्टनला वर जायला जागा उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या दिवशी दुसऱ्या बॅटरीने किल्ली फिरली असती, तर एका गॅस्केटचं काम पूर्ण इंजिनावर गेलं असतं.

बोट मी चार महिन्यांपूर्वीच घेतली होती. १९ फुटी, जुनी, ४.३ लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन. घेताना हल ठोकून पाहिला, इंजिन चालवून आवाज ऐकला, कॅप्टन ऑफ पोर्ट्सचे, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याचे, कागद तपासले. रायझर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा ओतीव तुकडा, मात्र उघडून पाहिला नाही. मांडवीत, शापोऱ्यात किंवा झुआरीत जुनी इनबोर्ड-आऊटबोर्ड वापरणाऱ्या आणि घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट करावी, यासाठी हा सगळा लेख आहे.

धूर आणि पाणी एकाच वाटेने

या बोटीत गाडीसारखं इंजिन आत, मागच्या फळीला म्हणजे ट्रान्समला लागून बसतं, आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह बाहेर लटकतो. गाडीचा सायलेन्सर खालून वाऱ्यावर थंड होतो. इथे गरम धूर फायबरच्या बंद पेटीतून बाहेर न्यायचा असतो, म्हणून त्याला पाण्याने थंड करतात. ड्राइव्हच्या बाजूच्या फटींतून समुद्राचं पाणी आत येतं. रबरी पात्यांचा इम्पेलर ते वर ढकलतो. काही इंजिनांत हा इम्पेलर ड्राइव्हच्या आत असतो, काहींत इंजिनाच्या पुढच्या बाजूला. पाणी कूलर, थर्मोस्टॅटचं घर आणि इंजिन असं फिरून शेवटी सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतींमध्ये येतं. मॅनिफोल्डवर बसलेल्या बाकदार ओतीव तुकड्याला रायझर म्हणतात. त्याच्या टोकाला हे पाणी धुरात मिसळतं, आणि मग दोघं मिळून रबरी होजमधून, फ्लॅपर नावाच्या एकतर्फी झडपेतून, दोन्ही बाजू जोडणाऱ्या वाय-पाइपमधून ट्रान्समबाहेर आणि बहुतेक ड्राइव्हमध्ये पंख्याच्या मधल्या पोकळीतून समुद्रात जातात.

म्हणजे रायझरच्या आत एका भिंतीच्या एका बाजूला पेटलेला धूर आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी असतं. भिंत ओतीव लोखंडाची. तिला गंज दोन्हीकडून लागतो: पाण्याकडून मिठाचा, धुराकडून उष्णतेचा आणि ओल्या काजळीतल्या आम्लाचा. खाऱ्या पाण्यात थेट थंड होणाऱ्या इंजिनाच्या मॅनिफोल्ड-रायझरचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं धरतात. पावसाळ्यात मांडवीचं पाणी बरंच गोडं होतं, पण तेव्हा बोट पाण्यात नसते. ती चालते ऑक्टोबर ते मे, नेमकी पाणी खारं असताना. म्हणून मी पाचच वर्षं धरतो. विकणाऱ्याने ‘तीन वर्षांपूर्वी बदलले’ म्हटलं तर बिल मागा. बिल नसेल तर ते बदललेलेच नाहीत असं समजून पुढे चला.

यातून निघणारी मुख्य गोष्ट ही, की या बोटीत धुराची बहुतेक दुखणी मुळात पाण्याची असतात. पाणी कमी पडलं की होज जळतो, फ्लॅपर वितळतो, रायझर तडकतो. पाणी नको तिथे गेलं की सिलिंडर बुडतो. तपासणीला पाण्यापासून सुरुवात करायची ती यासाठी.

इंजिन थंड असताना

आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या पेटीतली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालू करून किमान चार मिनिटं थांबा, मग इंजिनाचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पुढचं सगळं थांबवून तो आधी शोधायचा.

टॉर्च घेऊन रायझर आणि मॅनिफोल्डचा सांधा चारही बाजूंनी पाहा. तांबूस ओघळ, मिठाची पांढरी साय किंवा बुडबुड्यांसारखा फुगलेला रंग दिसला तर सांधा गळतोय. मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला टेकतो तिथे काळा पट्टा असेल तर तिकडून धूर गळतोय. नुकताच रंग मारलेले रायझर माझ्या मनात शंका आणतात, विशेषतः बाकी इंजिन जुनंच दिसत असेल तर.

होज हाताने दाबा. चांगला होज घट्ट पण लवचिक लागतो. कडकडीत, भेगाळलेला किंवा आतून पोकळ वाटणारा होज जळलेला असतो. प्रत्येक टोकाला दोन स्टेनलेस क्लॅम्प हवेत. एकच दिसला तर आधीच्या माणसाने बाकीचं कामही तसंच केलं असण्याची शक्यता धरा.

मग प्लग काढा, आणि एका पुठ्ठ्यावर सिलिंडरचे क्रमांक लिहून त्याच क्रमाने टोचून ठेवा. बदामी रंगाची काजळी म्हणजे ठीक. एखाद्याच प्लगवर गंजाचा ठिपका, ओल किंवा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छपणा दिसला तर बहुधा त्या बाजूच्या रायझरमधून पाणी येतंय. तेलाची डिपस्टिकही पाहा. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. ते बहुतेक वेळा रायझरमधूनच आलेलं असतं, तरी हेड गॅस्केट किंवा इंजिनाचा ब्लॉकही कारण असू शकतो. बोट थंड देशातून वापरलेली आणलेली असेल तर हे विसरू नका. तिकडे हिवाळ्यात आत राहिलेलं पाणी गोठून ब्लॉकला चीर पडते आणि ती बाहेरून दिसत नाही.

प्लग बाहेर आहेतच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, हेही मोजून घ्या. सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्तीच्या पाऊणपटीखाली गेला असेल तर आतला व्हॉल्व्ह किंवा रिंग बहुधा आधीच पाण्याने खाल्लेली आहे. अशा बोटीची किंमत ठरवताना रायझरचा नव्हे, इंजिनाचा खर्च मनात धरावा.

इंजिन चालवून

बोट ट्रेलरवर असेल तर ड्राइव्हच्या पाण्याच्या तोंडांवर रबरी मफ बसवून नळ जोडा. क्रम चुकवू नका. आधी पाणी सोडायचं, मग इंजिन चालू. थांबवताना आधी इंजिन बंद, मग लगेच नळ. इंजिन बंद असताना नळ चालू ठेवला तर पाणी मॅनिफोल्डमध्ये साठून मागे येऊ शकतं. मफवर इंजिन फक्त आयडलच्या, म्हणजे सगळ्यांत कमी वेगाच्या, आसपास चालवा. पाण्याची टाकी रिकामी असेल किंवा नळाचा दाब पडला असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकला, कारण कोरडा इम्पेलर काही सेकंदांत खराब होतो.

आता इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. हे छोटं पिस्तुलासारखं यंत्र आता सहज मिळतं आणि या कामात मला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही वाटत नाही. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही रायझरचा वरचा भाग, पाणी मिसळतं ते टोक आणि त्यापुढचा होज यांचे आकडे लिहून ठेवा. निरोगी रायझरवर हात टेकवून ठेवता येतो, आकडा साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान येतो. एक बाजू ५० आणि दुसरी ७० दाखवत असेल तर गरम बाजूची पाण्याची वाट गंजाने तुंबत आली आहे. ९० च्या पुढे गेलं की इंजिन बंद करा. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं वाचतं, तेव्हा रंगवलेल्या जागीच मोजा.

डॅशबोर्डवरच्या गेजवर इथे विसंबू नका. त्याचा सेन्सर इंजिनावर असतो, रायझरवर नाही. एका रायझरची वाट पूर्ण बंद होऊन होज भाजत असतानाही गेजचा काटा निवांत मध्यावर उभा राहू शकतो. मागून येणारा जळक्या रबराचा वास गेजच्या आधी खरं सांगतो.

दोन्ही रायझर सारखेच गरम असतील तर रायझर सोडून पाण्याच्या उगमाकडे जा. ड्राइव्हच्या फटींत शिंपलं, प्लॅस्टिकची पिशवी किंवा माशांच्या जाळ्याचा दोर अडकलाय का पाहा. मग इम्पेलर काढा. आपल्या खाड्यांचं पाणी वाळू-गाळाचं असतं, म्हणून मी तो दर हंगामाला बदलतो. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे कुठेतरी जाऊन बसलाय. पॉवर स्टिअरिंगच्या कूलरचं तोंड आणि थर्मोस्टॅटचं घर ही त्याची आवडती ठिकाणं. सगळे तुकडे जुळवून अख्खं पातं होईपर्यंत शोधायचं.

धुराचा रंगही पाहा. सकाळच्या गारव्यात सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसणं साहजिक आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली तर पाणी कमी पडतंय किंवा सिलिंडरमध्ये जातंय. निळा धूर तेलाचा. काळा धूर जास्त पेट्रोलचा, त्यासाठी कार्ब्युरेटर आणि हवेची जाळी पाहायची, रायझर उघडायची गरज नाही.

इंजिन सुरू होताच ‘टिक-टिक’ किंवा ‘फस-फस’ आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल तर हेडजवळचं मॅनिफोल्ड गॅस्केट गळतंय. साबणाचं पाणी फवारा, फुगे जिथे येतील ती जागा. बोटीची पूजा करताना आपण इंजिनापाशी अगरबत्ती लावतो, आणि धूर कुठे ओढला जातो हे पाहायला तीच वापरावी असं कुणाच्याही मनात येईल. पेट्रोल इंजिनाच्या पेटीत ठिणगी न्यायची नाही. पूजेची अगरबत्तीसुद्धा धक्क्यावर, झाकण बंद करून लावा.

एक दुखणं वेगळं आहे. बोट आयडलला ठीक, थ्रॉटल दिला की दम लागतो, आरपीएम वर चढत नाही. लोक कार्ब्युरेटर खोलतात, पेट्रोल फिल्टर बदलतात. पण कधी तरी पाणी कमी पडून फ्लॅपर भाजलेला असतो, त्याची रबरी झडप सुटून वाय-पाइपमध्ये आडवी पडते आणि धुराची वाटच बंद होते. व्ही इंजिनाला असे दोन फ्लॅपर असतात. होज सैल करून टॉर्चने आत पाहायला अर्धा तास लागतो, आणि हे मी कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी करतो. फ्लॅपरचं दुसरं काम मागच्या लाटेचं पाणी आत येऊ न देणं हे आहे. जोरात जाऊन एकदम थ्रॉटल सोडला की आपलीच लाट मागून ट्रान्समवर चढते. फ्लॅपर नसेल तर ते पाणी थेट रायझरकडे जातं.

मागे जास्त वजनही याच वाटेने घात करतं. बोट शांत उभी असताना रायझरचा माथा पाण्याच्या पातळीपासून साधारण १२-१३ इंच वर हवा. डॉल्फिन पाहायला निघालेली सहा माणसं, बर्फाची पेटी आणि जादा पेट्रोलचे कॅन सगळे मागेच बसले तर हे अंतर घटतं. पूर्ण भरलेल्या बोटीत एकदा पट्टी लावून मोजा.

उघडणं

संशय पक्का झाला की बोट पाण्याबाहेर काढा. बॅटरीच्या तारा सोडवा. मॅनिफोल्डच्या तळाचे ड्रेन प्लग काढून पाणी जाऊ द्या. पाणी आलं नाही तर आत रिकामं आहे असं नाही, गंजाने भोक बुजलेलं असतं, तार घालून मोकळं करा. प्रत्येक होजचा आणि तारेचा मोबाइलवर फोटो काढा.

बोल्टना आदल्या दोन दिवसांपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. घाई केली तर बोल्ट हेडमध्ये तुटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. पाना एकदम जोर न देता थोडा सोडा, थोडा आवळा, पुन्हा सोडा. होज वाचवायचा प्रयत्न करू नका, उभी चीर देऊन काढा. मॅनिफोल्ड बराच जड असतो, उतरवायला दोन माणसं लागतात. एकट्याने उचलताना पाठ आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही धोक्यात येतात.

रायझर वेगळा झाल्यावर सांध्याचे दोन्ही चेहरे नीट पाहा. मध्ये धुराचं भोक, भोवती पाण्याच्या खिडक्या. दोघांच्या मधल्या धारेवर खड्डे पडून गॅस्केटवर तांबूस वाट उमटली असेल तर पाणी तिथूनच सिलिंडरकडे उतरतंय. जुन्या बनावटीत पाणी आणि धूर एकाच गॅस्केटमधून शेजारी-शेजारी जातात, त्यामुळे गळती आतल्या आत होते आणि दिसत नाही. नव्या ‘ड्राय जॉइंट’ बनावटीत पाण्याची वाट बाहेरच्या अंगाला वेगळी काढलेली असते, ती गळली तर पाणी बाहेर येतं आणि वेळेत कळतं. बदलायचंच झालं आणि तुमच्या इंजिनाला बसत असेल तर ड्राय जॉइंट घ्या. फक्त मॅनिफोल्ड आणि रायझर दोन्ही त्याच जातीचे लागतात.

चेहऱ्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घाला. तीन-चार हजारांश इंचाहून जास्त फट असेल तर गॅस्केट कितीही चांगलं घाला, टिकणार नाही. वळलेला चेहरा पण जाड भिंत असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून घेता येतं. भिंत पातळ झाली असेल तर नवा भाग. मॅनिफोल्डची शंका असेल तर पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून हवेचा साधारण १५ पीएसआय दाब द्या आणि टबात बुडवा. धुराच्या भोकातून बुडबुडे आले तर तो भंगारात.

अॅसिडने साफ करून पुन्हा लावण्याचा सल्ला तुम्हाला धक्क्यावर मिळेल. वर्ष-दोन वर्षांच्या रायझरची तुंबलेली वाट त्याने मोकळी होते. जुन्या रायझरमध्ये मात्र गंजच भिंतीची भोकं बुजवून बसलेला असतो, तो गेला की भोक उघडं. ओतीव लोखंडाचा रायझर वेल्ड करून घेणं किंवा साध्या स्टेनलेस पाइपमधून घडवून घेणं, या दोन्हींच्या मी विरोधात आहे. गरम खाऱ्या पाण्यात वेल्डची कड लवकर जाते, आणि गेली तर ती तुम्ही खाडीच्या मध्यावर असताना जाते.

एका बाजूचा गेला असेल तर दोन्ही बाजू बदला. दोघांनी सारखंच मीठ खाल्लेलं आहे.

बसवणं

हेडचा चेहरा खरवडताना व्हॉल्व्हच्या भोकांत स्वच्छ फडकं कोंबा आणि शेवटी ते मोजून बाहेर काढा. बोल्टची भोकं टॅप फिरवून साफ करा. मॅनिफोल्डचं गॅस्केट सहसा कोरडंच बसतं. सिलिकॉन थापण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण जादा सिलिकॉन तुटून पाण्याच्या वाटेत अडकतो. मॅन्युअल सांगेल तिथेच आणि तेवढाच लावा.

बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, तीन फेऱ्यांत आवळा, शेवटची फेरी टॉर्क रेंचने. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा तुमच्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्या, कारण जुन्या सांध्याचा आणि ड्राय जॉइंटचा टॉर्क वेगळा असतो. नवा होज बोटीच्या ओल्या एक्झॉस्टसाठी बनवलेलाच हवा, रेडिएटरचा किंवा शेतीच्या पंपाचा नाही. आतून साबणाचं पाणी लावलं की तो सरकतो. प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, स्क्रू विरुद्ध दिशांना. फ्लॅपर नवेच. ड्राइव्ह काढलाच असेल तर ट्रान्समच्या बाहेरचे रबरी बेलोज, म्हणजे घडीदार नळ्या, बोटांनी उलगडून पाहा. शिंपल्यांची धार त्यांना कापते, आणि युनिव्हर्सल जॉइंटचा बेलोज फाटला तर पाणी बोटीत येतं.

मफवर सुरू करा, गळती पाहा, आकडे पुन्हा लिहा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एकदा टॉर्क तपासा. पहिली फेरी किनाऱ्याजवळ, तासाभराची, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग काढून पाहा. रात्रभर उभ्या इंजिनात पाणी उतरलं असेल तर तेव्हाच कळतं.

सिलिंडरमध्ये पाणी गेलंच तर

सगळे प्लग काढा. इग्निशनची तार सोडवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. ब्लोअर चालवा. प्लगच्या भोकांवर जाड कापड टाका, समोर तोंड धरू नका, आणि स्टार्टर थोडा थोडा फिरवून पाणी उडवा. मग प्रत्येक भोकात तेल सोडून पुन्हा फिरवा. तेल आणि फिल्टर बदला, इंजिन चालवून पुन्हा बदला, दुधाळपणा जाईपर्यंत. हे सगळं त्याच दिवशी व्हायला हवं. आपल्या दमट हवेत खाऱ्या पाण्याने भिजलेल्या सिलिंडरवर एका रात्रीत गंज चढतो. गॅस्केट मागवायला वेळ लागला तरी चालेल, तेल घालायला वेळ लावू नका. आमचं इंजिन वाचलं ते मेस्त्रींनी शापोऱ्याच्या धक्क्यावरच, डिझेल ट्रॉलरवाल्याकडून डबाभर तेल मागून, हे काम संध्याकाळच्या आत उरकलं म्हणून.

वास नसलेला धूर

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रायझरच्या आधी कुठेही गळती असेल तर तो इंजिनाच्या पेटीतून केबिनमध्ये येतो. गळती नसतानाही बोट हळू चालताना मागची हवा आत ओढली जाते, ताडपत्रीने बाजू बंद केल्या असतील तर अधिकच. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती ही त्याची लक्षणं, आणि ऊन किंवा बोट लागली असं समजून आपण ती सोडून देतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर मुलांना बसवू नका, पाण्यात पोहायला सोडू नका. केबिन असेल तर बोटीसाठीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा.

मेअखेर

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पणजीसमोरच्या मालीमच्या जेटीला ट्रॉलर लागतात आणि चांगले मेस्त्री, लेथवाले त्यांच्या कामात गुंततात. म्हणून आपली बोट मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर काढा. मफवर गोड्या पाण्याने पंधरा मिनिटं चालवा, थर्मोस्टॅट उघडेल इतकं गरम होऊ द्या, नाहीतर गोडं पाणी इंजिनात पोचतच नाही. मग सगळे ड्रेन प्लग काढा, तार घाला, आणि पावसाळाभर भोकं उघडीच ठेवा. काढलेले प्लग एका पिशवीत घालून स्टिअरिंगला बांधा, म्हणजे ऑक्टोबरात ते बसवल्याशिवाय कुणी बोट पाण्यात सोडणार नाही. तेव्हाच रायझरचं वय मोजा. पाचवं वर्ष लागत असेल तर नवे भाग जूनमध्ये मागवा. ते बाहेरून यायला आठवडे लागतात, आणि बसवायला तुमच्याकडे पूर्ण पावसाळा असतो.